बेंगळूरचे नंदी

शिवालयात पाऊल टाकताच प्रथम दृष्टीस पडतो तो नंदी. पण नंदीची दृष्टी येणाऱ्याकडे नसते. गणपती, विठ्ठल, अंबाबाई ही सारी दैवते भक्ताला सामोरी असतात, त्याच्या डोळ्याला डोळा देतात. दर्शन या शब्दातच पाहणे आणि पाहिले जाणे असे दुहेरी देणेघेणे गृहीत धरलेले आहे. नंदी या व्यवहारात भाग घेत नाही. तो गाभाऱ्यातील पिंडीकडे पाहत बसलेला असतो, आणि मागून येणाऱ्या माणसाला त्याची पाठ, त्याचे वशिंड आणि शेपटी एवढेच आधी दिसते. प्रेक्षकाची इतकी थोडी पर्वा करून घडवलेली आणि तरीही गावोगावी इतकी प्रिय झालेली दुसरी मूर्ती आपल्या शिल्पात क्वचितच सापडेल.

मराठी भाषेने या नंदीची थोडी थट्टाही केली आहे. कोणाच्याही म्हणण्याला होकार देणाऱ्या माणसाला नंदीबैल म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. परंतु ही उपमा पाषाणातल्या नंदीवरून आलेली नाही. ती आली गुबुगुबूच्या आवाजामागून दारोदार हिंडणाऱ्या, रंगीत झूल पांघरलेल्या जित्या बैलावरून. धनी विचारील त्या प्रश्नाला तो मान डोलावतो आणि पसाभर धान्य मिळवून पुढच्या दारी जातो. देवळातल्या नंदीच्याही कानाशी लागून लोक आपले गाऱ्हाणे सांगतात. पण त्याने मान वळवल्याचे कोणी पाहिलेले नाही. एकाच नावाचे हे दोन बैल मराठी मनाच्या गोठ्यात शेजारी शेजारी बांधलेले आहेत, ही गोष्ट मौजेची आहे.

जुन्या रीतीचा माणूस शिवदर्शनाला गेला म्हणजे थेट गाभाऱ्यात शिरत नाही. तो नंदीजवळ वाकतो, डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी त्याच्या दोन शिंगांवर टेकवतो आणि त्या कमानीतून पिंडीकडे पाहतो. शृंगदर्शन असे या रीतीचे नाव. रीत म्हणून ती लहानपणापासून अंगवळणी पडते आणि तिचा अर्थ विचारावा असे सहसा कोणाला वाटत नाही. पण अर्थ उघड आहे. देवाकडे पाहावयाचे ते आपल्या दृष्टीने नव्हे, तर त्याच्याकडे अखंड पाहत बसलेल्या एका प्राण्याच्या दृष्टीने. माणसाची नजर चंचल. ती घटकाभर नंदीकडून उसनी घ्यावयाची. नंदी ही अशी एक मूर्ती आहे की, जिच्याकडे पाहून थांबावयाचे नसते. तिच्यामधून पलीकडे पाहावयाचे असते.

मग ज्या नंदीपुढे शिवच नाही, त्याच्यामधून काय पाहावे? हा प्रश्न केवळ तर्काचा वाटेल. परंतु बेंगळूर शहरात तो प्रत्यक्ष पाषाणात उभा आहे, आणि त्याच शहरात नंदीची आणखी दोन अशी शिल्पे आहेत की, ती पहिल्याच्या शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज त्याचा अर्थ नीट लागत नाही.

बेंगळूरच्या दक्षिण भागात बसवनगुडी नावाची वस्ती आहे. कन्नडमध्ये बैलाला बसव म्हणतात. संस्कृत वृषभ शब्दाचेच ते रूप. गुडी म्हणजे देऊळ. १८९८ च्या प्लेगनंतर दाट पेठांतील लोकांना मोकळी हवा मिळावी म्हणून ज्या नव्या वस्त्या वाढीस लागल्या, त्यांत ही एक. तिच्यातील बुल टेंपल रोडवर गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाची एक संस्था आहे. कन्नडचे थोर लेखक डी. व्ही. गुंडप्प यांनी ती १९४५ मध्ये स्थापन केली. पुण्याच्या एका नेमस्त माणसाची स्मृती बेंगळुरात नंदीच्या रस्त्यावर नांदावी, हा योग महाराष्ट्रातील श्रोत्यांना सुखावणारा आहे. या वस्तीला नाव मिळाले ते मात्र तिच्याहून फार जुन्या देवळावरून. तेथील टेकडीवर 'दोड्ड बसव', म्हणजे थोरला नंदी, बसलेला आहे. देऊळ सोळाव्या शतकातले, आणि परंपरेने ते बेंगळूरचा संस्थापक केंपेगौडा याच्या नावावर आहे. हा विजयनगरच्या सम्राटांचा मांडलिक. १५३७ मध्ये त्याने बेंगळूरचा मातीचा कोट बांधला.

नंदी अखंड शिळेचा आहे. उंची सुमारे साडेचार मीटर आणि लांबी सुमारे सहा मीटर. गाभारा जणू त्याच्या मापानेच बेतलेला असून भोवती प्रदक्षिणेपुरती वाट आहे. मूळचा दगड करडा. पिढ्यानपिढ्यांच्या तेलाने आणि काजळीने तो काळाभोर झाला आहे. या प्रदेशाचा खडक अतिशय कठीण. जवळच्या लालबागेतला त्याच जातीचा खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा असल्याचे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. हळेबीडच्या होयसळ नंदीच्या गळ्यातील माळांचे मणी मोजता येतात, कारण तेथला दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि छिन्नीखाली लोण्यासारखा उतरतो. बेंगळूरचा दगड असली चैन करू देत नाही. विजयनगरच्या काळातले पाथरवट अशा खडकात ओळीने चौकोनी भोके पाडीत आणि त्यांत पाचरी ठोकून शिळा फोडीत. अशा दगडात बारीक नक्षीचा मोह आवरावा लागतो आणि शिल्पकाराला मोठ्या घडणीवर, वजनावर आणि बाह्यरेषेवर विसंबावे लागते. दोड्ड बसवाच्या अंगावर घंटा, माळा आणि साज आहे; पण पाहणाऱ्यावर ठसा उमटतो तो त्याच्या भाराचा. हा बैल बसलेला आहे आणि उठणार नाही, हे पहिल्या क्षणी पटते.

एवढा मोठा नंदी करण्याची हौस त्या काळाचीच होती. विजयनगरला १५२८ मध्ये नरसिंहाची अखंड शिळेतील प्रचंड मूर्ती घडली. लेपाक्षीला त्याच शतकात आठ मीटरांहून लांब नंदी झाला. म्हैसूरच्या चामुंडी टेकडीवरचा नंदी सतराव्या शतकातील दोड्ड देवराज वडेयराच्या काळचा. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर चोळांचे असले, तरी त्याच्या पुढचा प्रचंड नंदी नायकांच्या काळातला. साम्राज्य भरात असताना आणि पुढे ते मोडून त्याचे मांडलिक स्वतंत्र होत असताना, दोन्ही वेळी दक्षिणेतील राजांनी डोंगराएवढे बैल बसवले. यात सत्तेचे प्रदर्शन नव्हते असे म्हणता येणार नाही. तथापि सत्तेचे प्रदर्शन करावयाचे तर सिंह, हत्ती, घोडा ही जनावरे हाताशी होतीच. ती सोडून जो प्राणी केवळ बसून वाट पाहतो, त्यालाच एवढे थोर करावेसे वाटले, याचा काही तरी हिशेब द्यावाच लागतो.

नंदी नेहमीच बैल होता असेही नाही. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'त शिव ध्यानस्थ असताना लतागृहाच्या दाराशी नंदी उभा आहे. त्याच्या हातात सोन्याची काठी आहे आणि ओठांवर बोट ठेवून तो गणांना गप्प राहण्याची खूण करतो. हा नंदी बैल नाही; तो द्वारपाल आहे. शिवाचे वाहन असलेला वृषभ हा निराळा होता. पुढे केव्हा तरी ही दोन रूपे मिसळली. द्वारपालाचे नाव आणि काम बैलाकडे गेले. आठव्या शतकात पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिरासमोर आणि वेरूळच्या कैलासात नंदीला स्वतंत्र मंडप मिळालेला दिसतो. द्वारपालाची काठी गेली, ओठांवरचे बोट गेले. पण गप्प राहण्याची ती खूण मात्र गेली नाही. नंदीमंडपातून पुढे जाताना माणसाचा आवाज आजही आपोआप उतरतो.

आता दोड्ड बसवाकडे पुन्हा वळले पाहिजे. कारण त्याच्याविषयीची मुख्य गोष्ट सांगावयाची राहिली आहे. या देवळात दारातून आत गेले की समोर नंदीचे तोंड येते. इतरत्र जो पाठ करून असतो, तो येथे आपल्याकडे पाहत असतो. जेथे शिवपिंडी असावयाची त्या दिशेला भक्त उभा असतो.

महाराष्ट्रात याच्या उलट असे एक देऊळ प्रसिद्ध आहे. नाशिकला पंचवटीत रामकुंडाजवळ कपालेश्वराचे मंदिर आहे. तेथे शिव आहे, पण नंदी नाही. ब्रह्मदेवाचे पाचवे मस्तक तोडल्याचे पातक शिवाला लागले, ते गोदावरीच्या स्नानाने फिटेल हे त्याला नंदीने सांगितले. तेव्हा ज्याने वाट दाखवली तो गुरू, त्याने आपल्यासमोर सेवकासारखे बसू नये, असे शिव म्हणाला, अशी कथा आहे. नाशिकला नंदीचा मान राखण्यासाठी त्याला समोरून दूर केले. बेंगळुरात त्याला मध्यभागी बसवून समोरची जागा माणसासाठी मोकळी ठेवली. शिल्पकाराच्या मनात एवढा विचार होता की नव्हता, याचा पुरावा देता येत नाही, आणि तो मागण्याचे कारणही नाही. देवळाची मांडणी काय बोलते ते पाहणे पुरेसे आहे. ज्याने आयुष्यभर शिंगांच्या कमानीतून शिवाकडे पाहिले, तो मनुष्य येथे त्याच कमानीच्या दुसऱ्या टोकाला येऊन उभा राहतो. नंदीची अखंड दृष्टी त्याच्यावर असते, आणि ती ज्याच्यासाठी आहे ते आपल्या ठिकाणी कितपत आहे, हा प्रश्न टाळून त्याला मागे फिरता येत नाही.

विचारी मनुष्य येथे एक आक्षेप घेईल, आणि तो आक्षेप याच प्रदेशात बाराव्या शतकात एका मोठ्या माणसाने घेतलेला आहे. त्याचे नावही बसवच. बसवेश्वर हे कल्याणच्या बिज्जळ राजाच्या सेवेत होते. त्यांच्या नोकरीची सुरुवात आजच्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याला हिशेबाच्या कामापासून झाली असे त्यांची चरित्रे सांगतात. सरकारी दप्तरात बसून ज्यांनी जगाचा खरा ताळेबंद मांडला अशा थोड्या लोकांत त्यांची गणना केली पाहिजे. त्यांनी दगडी देवळाचे महत्त्व नाकारले. देह हेच देऊळ मानले आणि इष्टलिंग भक्ताच्या तळहातावर ठेवले. मधला पुजारी गेला, गाभारा गेला, मग नंदी तरी कशाला राहील? पण लोकांच्या श्रद्धेची गंमत अशी की, १३६९ मध्ये भीमकवीने रचलेल्या कन्नड बसवपुराणात खुद्द बसवेश्वरच नंदीचा अवतार ठरले. ज्याने दगडाला नकार दिला, त्याला लोकांनी दगडातल्या बैलाचे माहात्म्य दिले. हा विरोध वाटतो तितका खरा नाही. नंदीला पाठमोरे पाहणाऱ्या भक्ताला बसवेश्वरांचा आक्षेप लागू पडेल. परंतु बसवनगुडीतल्या नंदीसमोर उभा राहिलेला मनुष्य आणि तळहातावरच्या लिंगाकडे एकटक पाहणारा शरण यांच्यातले अंतर फारसे नाही. पहिल्याकडे नंदी पाहतो, दुसरा स्वतःच नंदी झालेला असतो.

मूर्तीत असा काही अर्थ असतो, हे मान्य व्हावयास आपल्याच काळात मोठा झगडा करावा लागला. १९१० च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये सर जॉर्ज बर्डवुड यांनी जावा बेटातील एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीविषयी असे उद्गार काढले की, निर्विकार शांतीचे प्रतीक म्हणून चरबी घालून उकडलेले पुडिंगही तितकेच चालेल. बर्डवुड हे भारताचे शत्रू नव्हते. त्यांचा जन्म बेळगावचा; मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शिकवले, मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीसाठी ते झटले आणि भारतीय कारागिरीवर त्यांचे मनापासून प्रेम होते. लोटा, सतरंजी, दागिना यांतले सौंदर्य त्यांना दिसे. मूर्तीतला अर्थ मात्र दिसेना. त्यांच्या बोलण्यावर लंडनमध्ये गदारोळ झाला. तेरा कलावंतांनी 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून निषेध केला, आणि हॅवेल, कुमारस्वामी, रोथेनस्टाइन यांच्या पुढाकाराने त्याच वर्षी इंडिया सोसायटी स्थापन झाली. पुढे बुद्धमूर्तीवर आणि नटराजावर पुष्कळ लिहिले गेले. नंदीच्या वाट्याला त्या मानाने थोडे आले.

त्याचे कारण असे दिसते की, चेहऱ्यावरचा भाव वाचण्याची सवय झालेल्या टीकाकाराला बैलाच्या चेहऱ्यावर वाचण्यासारखे काही सापडत नाही. नंदीचा अर्थ त्याच्या मुद्रेत थोडा आणि त्याच्या जागेत फार आहे. तो कोठे बसला आहे, कोणत्या दिशेला पाहतो, त्याच्या आणि पिंडीच्या मधून कोणी का जाऊ नये, यांत त्याचे शिल्प पुरे होते. नंदी उचलून संग्रहालयात नेला तर त्याचे अर्धे शिल्प देवळातच राहते. बर्डवुड यांच्यासमोर होते ते एका मूर्तीचे छायाचित्र, हेही या संदर्भात विसरता कामा नये.

जागेचा हा अर्थ किती अचूकपणे साधता येतो, हे पाहावयाचे असल्यास बसवनगुडीहून जवळच असलेल्या गवीपुरात जावे. गवी म्हणजे गुहा. गवी गंगाधरेश्वराचे देऊळ खडकाच्या पोटात आहे. त्याचे आजचे रूपही केंपेगौडाच्या नावावर सांगतात. विजयनगरच्या रामरायाच्या कैदेतून पाच वर्षांनी सुटल्यावर त्याने ते बांधले, अशी आख्यायिका आहे. अंगणात अखंड दगडाचे चार खांब आहेत. त्यांतील दोहोंच्या माथ्यावर सूर्य आणि चंद्र यांची प्रचंड चक्रे, तर उरलेल्यांवर त्रिशूळ आणि डमरू. मकरसंक्रांतीच्या दिवशी, सूर्य मावळतीला झुकला असता त्याचे किरण पश्चिमेकडच्या कमानीतून आत येतात, नंदीच्या दोन शिंगांच्या मधून जातात आणि अंधाऱ्या गुहेतल्या पिंडीवर पडतात. हा सोहळा थोडाच वेळ टिकतो. त्यासाठी हजारो लोक जमतात.

या घटनेचा बेंगळूरच्या खगोलशास्त्रज्ञांनी अभ्यास केला आहे. सूर्य आकाशातील एका विशिष्ट उंचीवर वर्षातून दोनदा येतो. दक्षिणायन संपण्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. म्हणजे संक्रांतीला जे घडते, तेच नोव्हेंबरच्या अखेरीसही घडले पाहिजे. आणि तसे ते घडते. त्या दिवशी मात्र कोणी गर्दी करीत नाही. थॉमस आणि विल्यम डॅनियल या चित्रकारांनी १७९२ मध्ये काढलेल्या या देवळाच्या चित्रांशी आजची इमारत ताडून पाहता बांधणीत नंतर फेरफार झालेला दिसतो, आणि मूळची योजना दक्षिणायन संपण्याच्या दिवसासाठी असावी, असे या अभ्यासकांचे अनुमान आहे. श्रद्धाळूंना ही चिकित्सा अरसिक वाटू शकेल. वस्तुतः तिने शिल्पाची थोरवी वाढतेच. शृंगदर्शन करणारा मनुष्य शिंगांवर बोटे ठेवून जे करतो, तेच येथे सूर्य करतो. गुहा खोदणाऱ्याने आणि नंदी बसवणाऱ्याने सूर्यालाही भक्ताच्या रांगेत उभे केले, आणि नंदीला ओलांडून नव्हे तर नंदीच्या शिंगांमधूनच देवाकडे जाण्याची वाट त्याला दिली. आकाश ढगाळ असले तर त्या वर्षी किरण आत येत नाहीत. पुजारी आरती करतो आणि लोक घरी जातात.

केंपेगौडाच्या वंशाकडून बेंगळूर १६३८ च्या सुमारास गेले. विजापूरच्या रणदुल्लाखानाने ते जिंकले आणि पुढे ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले. शहाजीराजांच्या दरबाराचे वैभव जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू' या ग्रंथात वर्णिलेले आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२२ मध्ये तो प्रसिद्ध केल्यामुळे मराठी वाचकाला बेंगळूर एकाएकी जवळचे झाले. अनेक भाषांतले कवी त्या दरबारात येत. बाल शिवाजीही जिजाबाईंसह काही काळ येथे होता. १६६४ मध्ये होदिगेरेजवळ घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला, आणि बेंगळूर एकोजीराजांकडे राहिले.

शहराच्या उत्तरेला त्या वेळी मल्लपूर नावाचे खेडे होते आणि तेथे रानात मल्लिकार्जुनाचे देऊळ होते. काडू मल्लेश्वर, म्हणजे रानातला मल्लेश्वर, हे त्याचे नाव आजही टिकले आहे. रान मात्र राहिलेले नाही, त्याचे मल्लेश्वरम हे गजबजलेले उपनगर झाले आहे. या देवळात १६६९ चा एक शिलालेख आहे. एकोजीराजांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव मल्लपूरच्या मल्लिकार्जुनाला दिल्याची नोंद त्यात आहे. दान मराठा राजाचे. लेखाची भाषा मात्र कन्नड. ज्या लोकांसाठी दान, त्यांच्या भाषेत लेख, ही साधी गोष्ट त्या काळच्या कारभाऱ्यांना समजत होती. एकोजी पुढे १६७५ च्या सुमारास तंजावरला गेले. तेथील महानंदीविषयी लोक जी कथा सांगतात, ती त्यांच्या बेंगळूरच्या माणसांना ओळखीची वाटली असती: नंदी वाढत चालला होता, म्हणून त्याच्या अंगात खिळा ठोकून त्याची वाढ थांबवली. तसेच काहीसे दोड्ड बसवाविषयी सांगतात; वाढ थांबावी म्हणून त्याच्या माथ्यावर त्रिशूळ बसवला आहे, असे तेथील लोक म्हणतात. बेंगळूर १६८७ मध्ये मोगलांनी घेतले आणि लवकरच ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले. भोसल्यांचा संबंध तेवढ्यावर संपला; मल्लेश्वराचा शिलालेख राहिला.

या काडू मल्लेश्वराच्या समोर, रस्त्यापलीकडे, १९९७ मध्ये एका मोकळ्या जागेत खणताना जमिनीखाली दगडी बांधकाम लागले. लोकांनी माती काढली, तेव्हा पायऱ्यापायऱ्यांचे कुंड उघडे झाले. महाराष्ट्रात त्याला बारव म्हटले असते. कुंडाच्या एका अंगाला वरच्या टप्प्यावर दक्षिणेकडे तोंड केलेला नंदी आहे. त्याच्या मुखातून पाण्याची धार निघते, ती खालच्या शिवलिंगावर पडते आणि तेथून कुंडात जाते. पाणी कोठून येते, याविषयी नाना तर्क आहेत. शिल्पाचा काळ लोक चारशे वर्षांपासून हजारो वर्षांपर्यंत काहीही सांगतात. हजारांचा आकडा धरावयास आधार नाही. पण कल्पना विलक्षण आहे. इतर देवळांत नंदी बघतो आणि अभिषेक माणूस करतो. येथे अभिषेक नंदीनेच चालवला आहे, आणि वर कित्येक वर्षे मातीचा थर असताना, पाहणारा कोणी नसताना तो तेथे होता. गवीपुरात शिंगांमधून उजेड जातो, मल्लेश्वरात मुखातून पाणी जाते. नंदी दोन्ही ठिकाणी काही स्वतःपाशी ठेवून घेत नाही.

पाण्याचा हा धागा पुन्हा बसवनगुडीकडे नेतो. तेथील नंदीच्या पायांशी एक नदी उगम पावते, अशी श्रद्धा आहे. तिचे नावही त्याच्यावरूनच पडले आहे: वृषभावती. शहराच्या पश्चिम भागातून ती नैऋत्येकडे वाहते, पुढे अर्कावतीला मिळते आणि अर्कावती कावेरीला. आज वृषभावती म्हणजे बेंगळूरच्या सांडपाण्याचा आणि कारखान्यांच्या मळीचा एक मोठा प्रवाह आहे. तिच्या पात्रावर फेस तरंगतो, आणि बैरमंगलच्या तलावाखालचे शेतकरी त्याच पाण्यावर पिके काढतात. देवळात नंदीच्या पायांवर फुले वाहणारे हात आणि नदीत घाण सोडणारे हात एकाच शहराचे आहेत. नंदीची दृष्टी माणसावर आहे, हे या शिल्पाचे म्हणणे खरे मानले तर ते या गोष्टीलाही लागू होते. केवळ ध्यानाच्या घटकेपुरते ते मर्यादित ठेवता येत नाही.

या देवळाची जी कथा लोक सांगतात तिच्यातही अपराधाचा भाग आहे. आसपासच्या गावांत भुईमुगाचे पीक होई आणि रात्री कोणी तरी ते खाऊन जाई. शेतकरी दबा धरून बसले, तेव्हा एक बैल दिसला. एकाने रागाने त्याला मारले. बैल टेकडीवर जाऊन बसला आणि दगड झाला. लोकांना पश्चात्ताप झाला, त्यांनी तेथे देऊळ बांधले आणि पहिल्या पिकाचा वाटा त्याला देण्याचा नवस केला. इतिहासाच्या दृष्टीने ही कथा देवळाहून पुष्कळ अलीकडची असली पाहिजे. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीज दर्यावर्द्यांचा सागरी व्यापार सुरू झाल्यावर तो इकडे आला, आणि दक्षिणेत त्याची शेती पसरली ती बव्हंशी एकोणिसाव्या शतकात. केंपेगौडाच्या काळच्या बैलाला ही चोरी चिकटवता येणार नाही. परंतु कथा रचणाऱ्यांनी नंदीसमोर उभ्या असलेल्या माणसाला कोण ठरवले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. राजा नाही, पुजारी नाही, मोठा भक्तही नाही. ज्याने भुकेल्या जनावराला मारले तो शेतकरी.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी तेथे कडलेकाई परिषे, म्हणजे शेंगांची जत्रा, भरते. कर्नाटकात महिने आपल्याप्रमाणेच अमावास्येला संपतात, तेव्हा हा सोमवार महाराष्ट्राच्या पंचांगातही तोच असतो. आदल्या दिवसापासून बुल टेंपल रोडच्या दोन्ही अंगांना पोती रिकामी होऊ लागतात. कर्नाटकाच्या निरनिराळ्या भागांतून, तसेच आंध्र आणि तमिळनाडूतून आलेल्या कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या शेंगांचे ढीग लागतात. पहाटे नंदीला शेंगांचा नैवेद्य होतो. विकायला आलेला शेतकरी रांगेत उभा राहून मूठभर शेंगा आत देतो, समोरच्या काळ्या तोंडाकडे क्षणभर पाहतो, आणि आपल्या ढिगापाशी परत येऊन माप हाती घेतो.